होस्टिंग कोलमडल्यानंतर जुन्या ब्लॉगकडे परतताना

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्या रात्री कुर्ल्याहून दादरपर्यंत पाण्यातून चालत आलेल्या असंख्य माणसांपैकी मी एक होतो. त्या चालण्याविषयी लिहावे म्हणून पुढच्याच महिन्यात मी ब्लॉग सुरू केला, अकरा वर्षे तो कमीअधिक नेमाने चालवला आणि २०१६ नंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. होस्टिंग पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर बिघडला तेव्हा तिने सूचना पाठवली होती; मात्र ती ज्या ईमेल पत्त्यावर गेली, तो पत्ता जुन्या इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेला होता आणि जोडणी बदलली तेव्हाच तो बंद झाला होता. ब्लॉग दिसत नाही हे मला पाच आठवड्यांनी कळले, तेही डोंबिवलीच्या एका वाचकाने पुरावरचा लेख मागितला म्हणून.

त्या संध्याकाळी मी एक चूक केली. कंपनीने सर्व्हर अर्धवट उभा केला होता, लॉगिन होत होते, आणि समोर 'अद्ययावत करा' असे बटण दिसत होते. मी ते दाबले. ब्लॉग चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, जुनी थीम, म्हणजे ब्लॉगच्या रूपाचा साचा, तिच्याशी जुळली नाही आणि उरलासुरला ब्लॉग पांढऱ्या पानात बदलला. त्याच रात्री कंपनीच्या नित्याच्या बॅकअपने हे पांढरे पान जपून ठेवले आणि त्याआधीची चांगली प्रत काढून टाकली. म्हणून या लेखात कृतीपेक्षा क्रमाला अधिक महत्त्व दिले आहे: आधी मालकी, मग प्रत, मग निदान, त्यानंतर दुरुस्ती आणि स्थलांतर, आणि नवे लिखाण सर्वांत शेवटी.

मालकी कोणाच्या हातात आहे

ब्लॉग एकाच ठिकाणी असतो असे आपण समजतो, पण तो तीन वेगळ्या खात्यांवर उभा असतो: डोमेन नोंदवणारा रजिस्ट्रार, जागा देणारी होस्टिंग कंपनी आणि या दोघांनाही दिलेला ईमेल पत्ता. डोमेन म्हणजे पत्ता आणि होस्टिंग म्हणजे खोली. खोली बदलली तरी पत्ता आपल्याच नावावर राहतो, ही सोय मुंबईतल्या भाडेकरूला घराच्या बाबतीत कधीच मिळत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी होस्टिंगच्या बिघाडामागे न धावता डोमेनची मुदत पाहावी. 'हूइज' या नावाने चालणाऱ्या कोणत्याही शोधसेवेत डोमेनचे नाव टाकले की रजिस्ट्रार कोण आहे, मुदत केव्हा संपते आणि नेमसर्व्हर, म्हणजे पत्त्यावरून होस्टिंगची वाट दाखवणारे सर्व्हर, कोणते आहेत, हे दिसते.

डॉट कॉम डोमेनची मुदत संपली म्हणजे ते त्याच दिवशी हातचे जाते असे नाही. साधारणपणे रजिस्ट्रारकडे ४५ दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ असतो, मात्र त्यातले नेमके किती दिवस ग्राहकाला द्यायचे हे तो रजिस्ट्रारच ठरवतो. डोमेन रद्द झाल्यावर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो, ज्यात जुन्या मालकाला ते जबर शुल्क भरून परत मिळते, आणि शेवटच्या ५ दिवसांनंतर ते कोणालाही घेता येते. डोमेन यांपैकी कोणत्याही टप्प्यात असेल तर बाकी सर्व कामे बाजूला ठेवून आधी नूतनीकरण करावे. होस्टिंगचा मजकूर उशिरा का होईना परत मिळू शकतो, पण दुसऱ्याच्या हाती गेलेल्या डोमेनवर काही महिन्यांत जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात आणि वाचकाला त्या आपल्याच नावाखाली दिसतात.

ईमेल पत्ता मृत असेल तर रजिस्ट्रारकडे ओळखपत्र, जुनी पावती किंवा ज्या कार्डावरून पैसे भरले त्याचा तपशील देऊन खाते परत मिळवता येते. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी सुरू करावे. गूगलच्या ब्लॉगरसारख्या विनामूल्य सेवेवर लिहिणाऱ्यांसाठी धोका वेगळा आहे. दोन वर्षे वापर न झालेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३पासून लागू केले असल्याने, ब्लॉग ज्या खात्याचा आहे त्यात अधूनमधून लॉगिन करणे हीच तिथे मालकीची खूण ठरते. खात्यात शिरता आले की मोबाइल क्रमांक आणि पर्यायी ईमेल त्याच बैठकीत बदलावेत, कारण ओटीपी जुन्या सिमवर जात राहिला तर पुढचे प्रत्येक पाऊल अडेल.

काहीही बदलण्याआधी प्रत

होस्टिंग कंपनीला पत्र लिहिताना 'माझा ब्लॉग बंद आहे' एवढेच लिहिले तर 'आमचे तंत्रज्ञ काम करत आहेत' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी नेमके मागावे: बिघाडाच्या तारखेपूर्वीची सर्वांत अलीकडची पूर्ण प्रत, तिच्यात सर्व फायली आणि डेटाबेसची (लेख व प्रतिक्रिया जिथे साठतात त्या कोठाराची) एसक्यूएल फाइल दोन्ही असाव्यात, ती प्रत कोणत्या तारखेची आहे याचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि आमच्या खात्यावरचे नित्याचे बॅकअप तूर्त थांबवावेत. शेवटची मागणी चमत्कारिक वाटेल, पण तीच सर्वांत तातडीची आहे. बहुतेक सामायिक (एका सर्व्हरवर अनेक ग्राहक असलेल्या) होस्टिंगवर मोजक्या दिवसांच्याच प्रती राहतात आणि नवी प्रत आली की सर्वांत जुनी जाते, त्यामुळे बिघडलेल्या ब्लॉगच्या प्रती साचत गेल्या की चांगली प्रत आपोआप बाहेर ढकलली जाते.

कंपनीने 'आमच्याकडे दुहेरी डिस्क आहे, काळजी नको' असे सांगितले तर समाधान मानू नये. जर्नलस्पेस नावाच्या ब्लॉगसेवेचा डेटाबेस पुसला गेला तेव्हा तिच्याकडे एकमेकांची नक्कल करणाऱ्या दोन डिस्क होत्या. एकीवर जे पुसले गेले ते दुसरीवरही तत्क्षणी पुसले गेले, आणि २००९च्या सुरुवातीला ती सेवा बंद पडली. मार्च २०२१मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा ग्राहकांनी दोन्ही गमावले. नक्कल आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बॅकअप कोठे ठेवला आहे हा प्रश्न तो घेतला आहे का या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

नियंत्रण कक्षात शिरता येत असेल तर कंपनीच्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच प्रत घ्यावी. वर्डप्रेसच्या 'निर्यात' सोयीवर एकट्यावर विसंबू नये. तिच्यातून मिळणाऱ्या एक्सएमएल फायलीत लेख आणि प्रतिक्रिया येतात, पण छायाचित्रे येत नाहीत, केवळ त्यांचे दुवे येतात, आणि जुना सर्व्हर बंद झाला की ते दुवे निरुपयोगी ठरतात. फाइल व्यवस्थापकातून संपूर्ण फोल्डर आणि डेटाबेस हाताळणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून डेटाबेस असे दोन्ही उतरवावे. ब्लॉगरवर सेटिंगमधून मजकुराचा बॅकअप घेता येतो, पण तिथेही छायाचित्रे वेगळी जपावी लागतात.

कंपनीकडे प्रतच नसेल तर

इथे थोडी शोधाशोध करावी लागते. पहिला थांबा अर्थातच इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन. १९९६पासूनची पाने तिथे साठवलेली आहेत, आणि आपल्या डोमेनच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ व तारांकन दिले की त्या डोमेनच्या साठवलेल्या सर्व पानांची यादी मिळते. मराठी ब्लॉगरला इथे एक खास अडचण येते: ब्लॉगर सेवा पानाचा पत्ता शीर्षकातील रोमन अक्षरांवरून बनवते, त्यामुळे संपूर्ण देवनागरी शीर्षकाच्या लेखांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे क्रमांक एवढेच होतात. यादीत असे शंभर सारखे पत्ते दिसतात आणि हवा तो लेख कोणता हे उघडल्याशिवाय कळत नाही. सोपा मार्ग असा की मासिक संग्रहाची पाने आधी उघडावीत. एका पानावर त्या महिन्याचे सगळे लेख मिळण्याची शक्यता असते. सापडलेले प्रत्येक पान त्याच क्षणी आपल्या संगणकावर उतरवून ठेवावे, कारण ऑक्टोबर २०२४मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते आर्काइव्हच काही दिवस बंद होते. गूगलच्या शोधनिकालात मिळणारी साठवलेली प्रत २०२४च्या प्रारंभी बंद झाल्याने त्या वाटेवर वेळ घालवू नये.

दुसरा थांबा अधिक घरगुती आहे. ब्लॉगचे लेख ईमेलने मिळावेत अशी सोय आपण ठेवली असेल, तर एखाद्या जुन्या वाचकाच्या इनबॉक्समध्ये संपूर्ण लेख पडून असतो. माझा पुराचा लेख मला असाच पुण्याच्या मावसबहिणीच्या ईमेलमध्ये मिळाला. तिने तो कधी उघडला नव्हता, पण पुसलाही नव्हता. एखाद्या दिवाळी अंकाने लेख घेतला असेल तर संपादकांना पाठवलेली फाइल आपल्या 'पाठवलेले' फोल्डरात असते. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क माळ्यावर असेल तर लॅमिंग्टन रोडवर ती यूएसबीने जोडण्याचा अ‍ॅडॉप्टर मिळतो. मात्र २००५च्या सुमारासची डिस्क बहुधा जुन्या आयडीई पद्धतीची असते, म्हणून दुकानात जाताना डिस्क बरोबर न्यावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, तशीच डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे द्यावी.

मराठी मजकुराचे निदान

ब्लॉग परत आणण्यावरच्या बहुतेक लेखांत हा भाग नसतो, कारण रोमन लिपीत लिहिणाऱ्याला ही अडचण सहसा जाणवतच नाही. प्रत मिळाली, नव्या जागी चढवली, ब्लॉग उघडला आणि मराठीच्या जागी भलतेच काही दिसले, तर घाबरण्यापूर्वी नेमके काय दिसते ते पाहावे, कारण चार वेगवेगळ्या आजारांची ही चार लक्षणे आहेत.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याच्याशेजारी चलनाचे गोल चिन्ह पुन्हा पुन्हा येत असेल, तर मजकूर शाबूत आहे, केवळ चुकीच्या संकेतपद्धतीने (अक्षरे अंकांत साठवण्याच्या रीतीने) वाचला जात आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत काही न सांगता तयार झालेले तक्ते लॅटिन-१ या युरोपीय पद्धतीचे होत. असा तक्ता ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या वर्णक्रमाच्या नावात 'स्वीडिश' हा शब्द असतो, कारण तो डेटाबेस स्वीडनमध्ये जन्मला. सुरुवातीच्या काळातले वर्डप्रेस आपला यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीतला मजकूर त्याच तक्त्यांत कोंबत असे आणि काढतानाही त्याच वाटेने काढत असे, म्हणून वर्षानुवर्षे सर्व ठीक दिसले. नव्या होस्टने संरचनेच्या फायलीत आधुनिक यूटीएफ८एमबी४ पद्धत लिहिली की ही जुनी तडजोड उघडी पडते. उपाय असा की डेटाबेसची प्रत लॅटिन-१ जोडणीनेच काढावी, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतात. ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये यूटीएफ-८ म्हणून उघडावी. मराठी नीट वाचता आली तर तक्त्यांच्या व्याख्येत आणि फायलीच्या माथ्यावरील जोडणीच्या सूचनेत लॅटिन-१च्या जागी यूटीएफ८एमबी४ लिहावे आणि मग ती नव्या डेटाबेसमध्ये भरावी. हे सर्व प्रतीच्या प्रतीवर करावे.

अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे दिसत असतील तर प्रकरण गंभीर असू शकते. प्रत काढतानाच चुकीचे रूपांतर झाले असेल तर मूळ डेटाबेस अजून चांगला असतो आणि योग्य पद्धतीने पुन्हा प्रत काढता येते. पण मूळ तक्त्यातच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर त्यांतून मराठी परत काढण्याचा मार्ग नाही. म्हणूनच जुन्या होस्टचे खाते बंद करण्याची घाई करू नये. एखाद्या महिन्याचे जादा भाडे जाते, पण मूळ वस्तू तपासता येते.

रिकामे चौकोन दिसणे हा केवळ फॉन्टचा प्रश्न आहे आणि त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. चौथे लक्षण म्हणजे रोमन अक्षरांची अर्थहीन माळ, आणि ती लॅटिन-१ पेक्षा वेगळी दिसते. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतव्यवस्था रुळण्यापूर्वी शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टंकलेले लेखन हे मुळातच रोमन संकेतांवर मराठी चित्रे बसवलेले असते. ते बिघडलेले नाही. त्या त्या फॉन्टचा परिवर्तक वापरून ते युनिकोडमध्ये आणावे लागते, आणि परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी हाताने तपासावी लागतात.

सर्व काही बरोबर दिसत असतानाही एक बारीक नुकसान लपून राहते. जुन्या टंकलेखनात 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र साध्या र-नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून काढला जाई. काही स्वच्छता करणारी प्लगिने, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची पूरक साधने, असे अदृश्य वर्ण 'कचरा' म्हणून काढून टाकतात, आणि मग सह्याद्रीच्या दऱ्यांचा 'दर्या' होतो. माझ्या राजगडाच्या लेखात तीन ठिकाणी समुद्र आला होता. अशा शब्दांची छोटी यादी करून प्रत्येक लेखात शोध घ्यावा. तासाभराचे काम आहे, पण ते यंत्रावर सोपवता येत नाही.

दुरुस्ती आपल्या संगणकावर

मिळालेली प्रत थेट नव्या होस्टवर न चढवता आधी घरच्या संगणकावर चालवून पाहावी. एक्सएएमपीपीसारखे विनामूल्य संच त्यासाठी पुरेसे आहेत. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीच्या ५व्या आवृत्तीच्या काळातील थीम आणि प्लगिने पीएचपी ८वर बहुधा चालत नाहीत, आणि पीएचपी ७.४चा आधारही नोव्हेंबर २०२२मध्ये संपला आहे. म्हणून सर्व प्लगिने बंद करून, वर्डप्रेसची एखादी साधी मूळ थीम लावून, लेख दिसतात का एवढेच पहिल्यांदा पाहावे. जुन्या थीमचा मोह सोडलेला बरा. मला माझ्या थीममधले पावसाच्या थेंबांचे शीर्षचित्र फार आवडत असे. ते चित्र ठेवले, थीम टाकली.

दुर्लक्षित ब्लॉगमध्ये कोणी तरी घुसून बसलेले असण्याची शक्यता गृहीत धरावी. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी प्रशासक आहे का, छायाचित्रांच्या फोल्डरात पीएचपी फायली आहेत का, आणि शोधयंत्रात केवळ आपल्या डोमेनपुरता शोध घेतल्यास औषधांची किंवा जपानी लिपीतली पाने दिसतात का, हे तीन प्रश्न पुरेसे बोलके आहेत. यांतील एकाचेही उत्तर 'होय' असेल तर जुन्या फायली साफ करत बसू नये. वर्डप्रेस नव्याने उतरवून त्यात केवळ लेख, प्रतिक्रिया आणि तपासलेली छायाचित्रे आणावीत, आणि सर्व पासवर्ड बदलावेत.

नव्या जागी जाणे

स्थलांतराच्या दोन दिवस आधी डीएनएस नोंदीचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र जपली जाण्याचा काळ, कमी करावा, म्हणजे बदल लवकर सर्वत्र पोहोचतो. याच वेळी ईमेलचा विचार करावा. आपला ईमेल त्याच डोमेनवर असेल आणि आपण नेमसर्व्हर सरसकट बदलले, तर एमएक्स नोंदी, म्हणजे ईमेल कोठे पोहोचवायचा हे सांगणाऱ्या नोंदी, मागे राहतात आणि ब्लॉग सुरू होताच ईमेल बंद पडतो. आधी त्या नोंदी नव्या ठिकाणी लिहून मगच बदल करावा. वाचकाची जोडणी सुरक्षित ठेवणारे एसएसएल प्रमाणपत्र आपोआप नवे होते का हेही विचारून घ्यावे.

जुन्या लेखांचे पत्ते शक्य तितके जसेच्या तसे ठेवावेत, कारण अन्य लोकांनी दिलेले दुवे त्यांच्यावरच येतात. देवनागरी पत्त्यांबाबत एक सूक्ष्म गोष्ट आहे: वर्डप्रेस पत्त्याच्या या भागासाठी २०० वर्णांची जागा ठेवते, आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह संकेतरूपात ९ वर्ण व्यापते, त्यामुळे काना-मात्रा धरून सुमारे २२ चिन्हांनंतर पत्ता तुटतो. लांब शीर्षकाचे पत्ते मधेच तुटलेले दिसले तर तो बिघाड नव्हे, ते पहिल्यापासून तसेच होते. ते 'दुरुस्त' केले तर जुने दुवे मरतील. पत्ता बदलणे अपरिहार्य असेल तर जुन्यावरून नव्यावर ३०१ क्रमांकाचे कायमचे वळण द्यावे. काम चालू असताना ५०३ हा तात्पुरत्या बंदचा संकेत द्यावा, म्हणजे शोधयंत्र पाने लगेच काढून टाकत नाही.

पुन्हा लिहिण्याआधी

सगळे जुने लेख परत आणण्याची सक्ती नाही. माझ्या ३१२ लेखांपैकी मी २४० परत आणले. उरलेल्यांत बरेचसे 'उद्या अमुक कार्यक्रम आहे' अशा सूचना होत्या, आणि काहींत शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक व मुलांची नावे होती, जी तेव्हा लिहिताना खटकली नव्हती. परत आणलेल्या लेखांची मूळ तारीख बदलू नये आणि मजकुरात केलेली दुरुस्ती लेखाखाली एका ओळीत नोंदवावी. मृत दुवे पुसण्याऐवजी आर्काइव्हमधल्या प्रतीकडे वळवावेत.

पहिला नवा लेख 'इतके दिवस लिहिले नाही, क्षमस्व' अशा स्वरूपाचा नसावा असे माझे मत आहे. तो लिहिल्यावर पुन्हा दोन वर्षे काही न लिहिणारे अनेक ब्लॉग मी पाहिले आहेत. बिघाडाची माहिती वेगळ्या पानावर द्यावी: काय गेले, काय परत आले, कोणाला जुनी प्रत सापडली तर कोठे कळवावे. नवा लेख विषयावरच असावा.

शेवटचे काम कागदाचे आहे. रजिस्ट्रारचे नाव, डोमेनची मुदत, होस्टिंगचे खाते, जोडलेला ईमेल आणि मोबाइल क्रमांक, आणि घराबाहेर ठेवलेली प्रत कोणाकडे आहे, एवढे एका कागदावर लिहून, पासवर्ड न लिहिता, तो कागद सोसायटीच्या देखभालीच्या पावत्या ज्या फायलीत असतात तिच्यातच लावावा, कारण ती फाइल घरातील कोणी ना कोणी दर तीन महिन्यांनी उघडतेच.